जो खोर्लीकर

माझा भाचा कलेक्टर आहे. आमच्या घराण्यात एक तरी कलेक्टर निघावा अशी आजोबांची फार इच्छा होती. देवानं ती ऐकली, पण ऐकताना त्याचं अर्धं लक्ष दुसरीकडे असावं. भाचा खेळणी कलेक्ट करतो. वय वर्षं बत्तीस, पर्वरीला दोन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत खेळणी राहतात, दुसरीत तो आणि त्याची बायको. एसी खेळण्यांच्या खोलीत आहे.

"खेळतोस कधी रे?" असं मी एकदा भाबडेपणानं विचारलं. सोवळ्यातल्या भटजींना कांदा हवा का म्हणून विचारल्यावर ते जसे बघतील, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "मामा, खोकं उघडलं की किंमत निम्मी होते."

गेल्या चतुर्थीला तो डिचोलीला आमच्याकडे आला. देवाला नमस्कार केला, माटोळीकडे बघून "छान झालीय हां" म्हणाला, दोन नेवऱ्या खाल्ल्या. तिसरी तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला. त्याची नजर हॉलमधल्या काचेच्या कपाटावर खिळली होती.

डिचोलीतल्या कुठल्याही जुन्या घरात असतं तसं हे कपाट. वरच्या खणात आखाती देशातून आलेलं, पंचवीस वर्षं न उघडलेलं अत्तर. मधल्या खणात कुणाकुणाच्या बक्षिसांचे कप. खालच्या खणात सावंतवाडीची लाकडी फळं: केळ्याचा घड, डाळिंब, सीताफळ, एक आंबा. त्या आंब्याला टेकून पावणेचार इंचांचा एक प्लॅस्टिकचा शिपाई उभा. डावा हात नाही, उजव्या हाताला अंगठा नाही, नाकावरचा रंग उडालेला, कंबरेतून किंचित वाकलेला. संधिवाताची सुरुवात असावी तसा.

"मामा," भाचा कुजबुजला, "हा फनस्कूलचा आहे. ओ-रिंग ओरिजिनल आहे का?"

या वयात लोक मला साखर किती आहे ते विचारतात. ओ-रिंगबद्दल पहिल्यांदाच कुणी आस्थेनं विचारत होतं, म्हणून मी खरं ते सांगून टाकलं. "नाही. सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी आहे."

भाचा खुर्चीवर बसला. नेवरी त्यानं परत ताटात ठेवली.

तर या शिपायाचं नाव जी.आय. जो. कूळ अमेरिकन. ऱ्होड आयलंड नावाच्या तिथल्या एका चिमुकल्या राज्यात हॅसनफेल्ड नावाचे भाऊ होते. त्यांनी १९२३ साली कापडाच्या चिंध्यांचा धंदा सुरू केला. चिंध्यांवरून पेन्सिलीच्या डब्या, डब्यांवरून पेन्सिली, पेन्सिलींवरून खेळणी असं करत करत त्यांची हॅसब्रो कंपनी झाली. १९५९ साली बार्बी नावाची बाहुली बाजारात आली आणि दुसऱ्या एका कंपनीचं उखळ पांढरं झालं. बाहुलीपेक्षा जास्त पैसा तिच्या कपड्यांत आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थांनी हॅसब्रोला कल्पना दिली: मुलींना बाहुली, तर मुलग्यांना शिपाई. तोही कपडे बदलेल, फक्त त्या कपड्यांना गणवेश म्हणायचं.

अडचण एकच होती. अमेरिकेतला बाप मुलाला बाहुली घेऊन देईना. आपल्याकडे तरी कोण देतो? मग कंपनीनं दंडक घातला की या वस्तूला कुणीही बाहुली म्हणायचं नाही. तिचं नाव 'ॲक्शन फिगर'. १९६४ साली साडेअकरा इंचांचा, एकवीस ठिकाणी हलणारा, गालावर जखमेचा व्रण असलेला शिपाई दुकानांत आला आणि बापांनी तो निःशंक मनानं विकत घेतला. आमच्या गावात रमीचा अड्डा 'सांस्कृतिक मंडळ' म्हणून चालतो. त्यामुळे यातली युक्ती मला समजावून सांगावी लागली नाही.

कायद्याला मात्र ती समजली नाही, किंवा फारच चांगली समजली. परदेशात बनवून अमेरिकेत आणलेल्या या शिपायांवर बाहुल्यांची जकात लागली तेव्हा कंपनी कोर्टात गेली. वरपर्यंत भांडली. १९८९ साली अपील न्यायालयानं गंभीरपणे विचार करून निकाल दिला: ही बाहुलीच आहे. हातात बंदूक, कमरेला ग्रेनेड. पण बाहुली!

कल्पना देणाऱ्या वेस्टनना विक्रीतला हिस्सा की एकरकमी पैसे असं विचारलं होतं. त्यांनी एकरकमी एक लाख डॉलर घेतले. गोव्यात किनाऱ्याकाठची जमीन ज्यांनी वेळेआधी विकली, त्यांच्या घरी या गृहस्थांचा फोटो लावायला हरकत नाही.

आणि तो अंगठा. पहिल्या शिपायाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला कोरलं गेलं. चूक लक्षात आली, पण कंपनीनं ती तशीच ठेवली, कारण कुणी नक्कल केली तर त्या नखावरून चोर पकडता येईल. स्वतःच्या चुकीला व्यापारचिन्ह करणारी माणसं मी त्याआधी फक्त सरकारी खात्यात पाहिली होती.

पुढे व्हिएतनाम युद्ध पेटलं आणि अमेरिकेतल्या आयांना घरात शिपाई नकोसा झाला. मग जो सैन्य सोडून साहसवीर झाला, दाढी वाढवून जंगलं धुंडाळू लागला. सत्तरच्या दशकात तेल महागलं, तेलाबरोबर प्लॅस्टिक महागलं, आणि साडेअकरा इंचांचा देह परवडेना. जो घरी बसला. तो १९८२ साली परतला तेव्हा पावणेचार इंचांचा होऊन. महागाईत गोव्यातल्या पावाचं जे झालं, तेच त्याचं झालं.

आता हा अमेरिकन माणूस आमच्या गोव्यात कसा? त्यासाठी आधी फुग्यांकडे जावं लागेल. १९४६ साली मद्रासला के. एम. मामेन मापिल्लै या तरुणानं एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनवायला सुरुवात केली. फुग्यांवरून हळूहळू रबर, रबरावरून टायर. ती कंपनी म्हणजे एमआरएफ. पुढे तिचा टायरचा कारखाना फोंडा तालुक्यात, उसगावला आला. डिचोलीहून फोंड्याला जाताना रबराचा वास आला की बसमधले झोपलेले लोक "उसगाव आलं" म्हणून उठतात. १९८७ साली एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी काढली आणि तिचा कारखाना तिसवाडीत, खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत सुरू झाला. फुग्यांनी सुरुवात करून टायरांच्या वाटेनं पुन्हा खेळण्यांपाशी. चाळीस वर्षं लागली, पण माणूस बालपणात परतला.

गोव्यात खोर्ली दोन आहेत, एक जुन्या गोव्यापलीकडची आणि एक म्हापशाची. शाळेत एका मित्रानं छातीठोक सांगितलं होतं की खोर्लीत कारखान्यामागे मोडके शिपाई फेकून देतात, वाट्टेल तेवढे मिळतात. आम्ही तिघेजण मे महिन्याच्या उन्हात सायकली मारत म्हापशाच्या खोर्लीला गेलो. कारखाना सापडला नाही. एका आजोबांनी "शिपाय जाय जाल्यार पोलीस स्टेशनार वचात" असं सांगितलं. परत येताना एका सायकलची चेन तुटली. दुसरी खोर्ली असते, हे आम्हांला भूगोलाच्या मास्तरांनी नव्हे, कदंबाच्या कंडक्टरनं शिकवलं.

माझा शिपाई मला चतुर्थीच्या पैशांतून मिळाला. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा बुडबुडा, बुडबुड्यात शिपाई. ते पाकीट मी पणजीच्या दुकानाच्या पायरीवरच दातानं फाडलं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला शिपायाची कुंडली छापलेली असायची: टोपणनाव, हुद्दा, जन्मस्थान, स्वभाव. आम्ही डिक्शनरी घेऊन ती लावली. जन्मस्थान कुठलंसं अमेरिकन गाव दिलं होतं. साफ खोटं. पोरगा जन्मला खोर्लीत, धुळापीच्या अलीकडे, मांडवीच्या वाऱ्यावर वाढला, आणि कागदोपत्री जन्म दाखवला सातासमुद्रापार. गोव्यात हे नवीन नाही. आमच्याकडे माणसं जन्माची नोंद लिस्बनला करून पासपोर्ट आणतात. याचं मात्र तेही जमलं नसतं. एकसष्ट सालानंतरचा जन्म, आणि वडील ऱ्होड आयलंडचे.

या शिपायाच्या पोटात एक रबरी कडं असतं. तीच ती ओ-रिंग. छाती दोन फाळक्यांची, पाठीत एक स्क्रू. पायांना वरून धातूचा टी-आकाराचा हूक, तो हूक रबरी कड्यात अडकवलेला, कड्याचं वरचं टोक छातीत. म्हणून तो कंबरेतून कसाही वळतो, पाय दुमडून बसतो, ओणवा होतो. सगळी लवचीकता त्या दोन पैशांच्या रबरावर. गोव्याच्या दमट हवेत रबर दोन पावसाळे काढतं. तिसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तुम्ही शिपायाला उचलता तेव्हा धड हातात येतं आणि पाय जमिनीवर उभे राहतात.

तो प्रसंग मला आठवतो. मी रडलो नाही, कारण आम्ही युद्धावर होतो. आमचं युद्ध घरामागच्या लाल मातीच्या ढिगावर चाले. डिचोलीत त्या काळी मातीला तोटा नव्हता. खाणींचे टिप्पर दिवसभर रस्त्यानं जायचे आणि झाडं, कौलं, वाळत घातलेली धोतरं, सगळं एकाच रंगाचं करून टाकायचे. शिपायाचा हिरवा गणवेश जंगलात लपण्यासाठी होता. दोन दिवसांत तो आपोआप डिचोलीत लपण्याच्या रंगाचा झाला. जगातल्या कुठल्याही सैन्याला इतका अचूक छद्मवेश साधलेला नाही.

पाय सुटलेला शिपाई घेऊन मी सायकलवाल्या मेस्ताकडे गेलो. मेस्तानं विडी बाजूला ठेवली, शिपाई उताणा केला, पालथा केला. डॉक्टरासारखं "कधीपासून?" असं विचारलं. मग पाठीतला स्क्रू काढून छाती उघडली, आत बघितलं आणि म्हणाला, "हात्तिच्या, आत काहीच नाही." वॉल्व्हची पिवळी रबरी नळी कापून तिची गाठ मारली, हुकात अडकवली, छाती मिटली आणि स्क्रू असा पिळला की त्याचे आटे गेले. पैसे घेतले नाहीत. "पोरा, मनुष्याला असंच करता आलं असतं तर," असं काहीतरी बोलून त्यानं विडी पुन्हा पेटवली.

आटे गेले, म्हणून खांदे सैल झाले. खांदे सैल झाले, म्हणून त्याच वर्षी पेडण्यात हात गेला. पेडणं हे माझं आजोळ. कोजागिरीला तिथं पुनव भरते. दसऱ्यापासून चाललेल्या उत्सवाची ती शेवटची रात्र, भगवतीच्या देवळासमोर मुंगीला वाट नाही अशी गर्दी. अंगात संचारलेली भुतंखेतं त्या रात्री जातात म्हणून दूरदूरची माणसं येतात. रात्रभर फेरी असते: खाजे, चणे, पिपाण्या, फुगे, बांगड्या. मी शिपायाला खिशात घालून गेलो होतो, त्यालाही फेरी दिसावी म्हणून डोकं बाहेर. देवळापुढच्या दगडी हत्तींपाशी एक लोंढा आला. पुढे काय झालं ते कळलं नाही. पहाटे घरी येऊन बघतो तर शिपायाचा डावा हात नाही. त्या रात्री पेडण्यातून किती भुतं गेली याची गणती देवीकडे. हात एक गेला, तो माझा.

आजी म्हणाली, "भूत हाताबरोबर गेलं असेल, बरंच झालं."

आजीला शिपायाचं कौतुक नव्हतं. तिच्या लेखी खेळणं म्हणजे वाडीचं. पेडण्याच्या माणसाला 'वाडी' म्हटलं की सावंतवाडीच. पत्रादेवी ओलांडली, बांदा आला, की थोड्या वेळात वाडी. तिथली चितारआळी, तिथले चितारी, आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची कातून, रंगवून केलेली फळं, भातुकलीची बोळकी, पोळपाट, जाती, बैलगाड्या, पाटावरच्या बाहुल्या. आजीच्या लग्नात रुखवतावर मांडलेली फळं अजून आमच्या कपाटात आहेत ती हीच. 'प्लॅस्टिकला जीव नसतो' असं ती म्हणे. लाकडाला असतो का, असं विचारलं तर म्हणे, "पांगाऱ्याला काटेसुद्धा असतात, तुझ्या शिपायाला काय आहे?"

आजीचा हा वाडीचा ओढा जुना, तिच्याही आधीचा. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल एकेकाळी वाडीकर भोसल्यांचे. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, ते असे जमवले की माझ्या भाच्यानं शिकावं. १७४६ साली व्हाइसरॉयनं पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला. घेतला म्हणजे इतका आनंद झाला, की त्याची पदवीच बदलून 'आलोर्नाचा मार्कीश' झाली. एक नग मिळाल्यावर नावापुढे लावणारा हा आमच्याकडचा पहिला नामांकित संग्राहक. मिळवलेलं पुढे बरंचसं परत द्यावं लागलं. मग १७८१ पासून पुन्हा एकेक महाल घेत १७८८ साली पेडण्याशी संच पुरा झाला. त्याला त्यांनी नव्या काबिजादी असं नाव दिलं. महाल गेले, पण जत्रेतली लाकडी बैलगाडी वाडीहूनच येत राहिली. लिस्बनचा कायदा बाळाच्या पाळण्यापर्यंत पोचला नाही. पाळण्यावरचा लाकडी पोपट वाडीचा तो वाडीचाच.

वाडीचे राजेही अखेरीला खेळातच रमले, आणि हे मी आदरानं म्हणतो. गंजिफा नावाचे गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस पानं, चिंचोक्याच्या खळीवर हातानं रंगवलेली. सगळीकडे ही कला बुडत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ती सावंतवाडीच्या राजवाड्यात आणून बसवली, कारागीर शोधले, नवे शिकवले. आजही राजवाड्याच्या दरबारात गेलात तर पूर्वी मुजरे होत तिथं माणसं मांडी घालून मत्स्यावताराला खवले काढताना दिसतात. एकशेवीस पानं लक्षात ठेवून खेळायची म्हणजे किती बुद्धी लागत असेल! आमच्या सांस्कृतिक मंडळाला बावन्न पेलवत नाहीत.

वाडीच्या त्या लाकडी आंब्याची कथा मात्र सांगायलाच हवी, कारण शिपाई गेली तीस वर्षं त्याला टेकून उभा आहे.

पेडण्याच्या मावशीच्या घरची माटोळी गावात नावाजलेली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधायची: सुपारीचे शिपटे, नारळाच्या जोड्या, तोरिंजन, चिबूड, करमलं, कांगलं, आणि ज्यांची नावं फक्त मावशीला ठाऊक अशी अनेक. हल्ली तर सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं. तेव्हा स्पर्धा नव्हती, शेजारीण होती. त्या वर्षी शेजारणीच्या माटोळीत म्हणे मावशीपेक्षा दोन जिन्नस जास्त होते. मावशी रात्रभर झोपली नाही. सकाळी तिनं रुखवताच्या फळांतला आंबा काढला, देठाला सुतळी बांधली, दोन खरी पानं खोचली आणि माटोळीच्या बरोबर मध्यावर टांगला.

भाद्रपदात मानकुराद! गाव लोटलं. मानकुराद म्हणजे एप्रिल-मेचं फळ. पहिला पाऊस पडला की त्यात अळ्या शोधाव्या लागतात. आणि हा बघा, पिवळाधमक, गालावर लाली. लोकांनी देवाला कमी आणि आंब्याला जास्त हात जोडले. कुणी म्हणालं, बेंगळूरहून आणला असेल. कुणी म्हणालं, देवाची करणी. मावशी नुसती हसायची. ती खोटं बोलली नाही; तिला कुणी "हा लाकडाचा आहे का?" असं विचारलंच नाही.

विसर्जन झालं. रिवाजाप्रमाणे माटोळी सोडून फळं वाटली. मावशी आत भांडी आवरत होती आणि वाटपाचं काम काकांकडे गेलं. काकांना माटोळीतलं कळत नव्हतं, पण शेजारधर्म कळत होता. त्यांनी तो आंबा मोठ्या मनानं शेजारणीच्या नातवाला दिला.

पोरानं घास घेतला. दाताचा आवाज ओसरीपर्यंत आला.

सुदैवानं दुधाचा दात होता, पडायलाच आलेला. पुढची चार वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. आंबा परत आला तो कुंपणावरून. त्याच्या खालच्या अंगाला दोन दातांची खूण आहे, अजून स्पष्ट दिसते. पांगारा मऊ असतो म्हणून उमटली. सागवान असतं तर बाकीचेही दात गेले असते.

तर त्या दिवशी भाचा हे सगळं ऐकून घेत होता आणि मधूनमधून मोबाइलवर शिपायाचे फोटो काढत होता. फोटो कुठंतरी पाठवले. रात्री अमेरिकेतून उत्तरं आली. मला वाटलं, लोक हसतील. हसले नाहीत. त्यांच्यात हात नसलेल्या शिपायाविषयी हळहळ होती, आणि रंगाविषयी उत्सुकता. कारण गंमत अशी की १९९४ साली खुद्द हॅसब्रोनं या छोट्या शिपायांची मालिका बंद केली. खोर्लीतले शिपाई मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं जन्मत राहिले. हॅसब्रोचे जुने साचे इथं वापरले जात. रंग मात्र अमेरिकेतल्यासारखे नसत: तिथं काळी असलेली पँट इथं निळी, तिथल्या टोपीचा रंग इथल्या बुटांना. काही शिपाई तर जगात फक्त फनस्कूलचेच. जे आम्हांला 'रंग चुकलाय' म्हणून दुकानदाराशी भांडण्याचं कारण वाटलं, ते तिकडे 'व्हेरिएंट' म्हणून काचेत बसलं. अमेरिकन माणूस आपल्या शिपायासाठी खोर्लीकडे डोळे लावून बसला होता, आणि आम्ही म्हापशाला सायकली मारत होतो.

भाच्याचं संग्राहकांच्या या दुनियेवर प्रेम आहे, त्यामुळे तो मला तिथल्या कथा सांगतो. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला, खेळणी वेळेत तयार झाली नाहीत. तेव्हा केनर कंपनीनं नाताळात चक्क रिकामं खोकं विकलं. आत एक पुठ्ठा आणि 'बाहुल्या तयार झाल्या की पाठवू' असं वचन. लोकांनी घेतलं! आमच्याकडे हा व्यवहार फक्त बिल्डर करतात. जी.आय. जोचा पहिला हातानं केलेला नमुना २००३ साली दोन लाख डॉलरला विकला गेला. वेस्टनना कल्पनेचे मिळाले त्याच्या दुप्पट. वेस्टननी निदान नमुना जपून ठेवायला हवा होता.

"मामा, तुझा पाकिटात असता ना," भाचा म्हणाला, "तर चांगले पैसे आले असते."

"पाकिटात असता तर मी काय केलं असतं?"

"ठेवला असतास."

"मग पुनवेला कोण गेलं असतं?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच्या बायकोकडे होतं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही याला घेऊन जा पुनवेला. एसीचं बिल तरी वाचेल."

मग जीआयचा विषय निघाला, कारण जेवणाला हरमलच्या मिरचीची आमटी होती. जी.आय. जो यातलं 'जी.आय.' म्हणजे काय, याचं लष्करी उत्तर मजेदार आहे: अमेरिकन सैन्यातल्या लोखंडी बादल्यांवर, डब्यांवर 'गॅल्व्हनाइज्ड आयर्न' याची ती दोन अक्षरं असत. पुढे सैनिकाला मिळणाऱ्या प्रत्येक सरकारी वस्तूला ती चिकटली आणि शेवटी सैनिकालाच चिकटली. म्हणजे आमच्या गोठ्यावरचा जीआय पत्रा आणि कपाटातला जो, हे सख्खे चुलत भाऊ. आणि तिसरा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, जो हल्ली ज्याला त्याला मिळतो. हरमलच्या मिरचीला मिळाला. जत्रेतल्या खाजाला मिळाला. मानकुरादला मिळाला. आणि सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी खेळण्यांनाही मिळाला. आजी असती तर म्हणाली असती, "सांगत होते ना? तुझ्या शिपायाला ते अक्षर बारशालाच चिकटवलं. वाडीच्या आंब्यानं ते कमावलं."

माझ्या मनात एक शंका आहे. मानकुरादला जीआय आहे, वाडीच्या लाकडी खेळण्याला जीआय आहे. मग लाकडाच्या मानकुरादला दोन मिळायला हवेत की नाही? भाच्यानं आंबा उलटसुलट करून बघितला. दातांच्या खुणेवर बोट फिरवलं आणि तज्ज्ञासारखं म्हणाला, "कंडिशन खराब आहे. पण प्रॉव्हेनन्स जबरदस्त."

तो गेला, मी कपाट लावलं. शिपाई पुन्हा आंब्याला टेकवला. मेस्तानं घातलेली नळी मध्ये एकदा बदलली, तेवढंच. खोर्लीतून निघालेला दुसरा कुठलाही शिपाई सायकलच्या वॉल्व्हवर तीस वर्षं टिकला असेल असं मला वाटत नाही, आणि असला तर त्याच्या मालकाला भेटायची इच्छा आहे.

त्यापेक्षा मोठी इच्छा वेगळी आहे. पेडण्याची पुनव दरवर्षी भरते आणि फेरीही तिथंच लागते. देवळापुढच्या दगडी हत्तींच्या आसपास कुणाला चिकणमातीत, पायरीच्या खाचेत किंवा कुणाच्या जुन्या ट्रंकेत दीड इंचभर लांबीचा, मूळचा हिरवा, आता बहुधा तांबडा झालेला, प्लॅस्टिकचा डावा हात सापडला असेल, तर कृपया डिचोलीला कळवावं. अंगठा नसला तरी चालेल. बदल्यात वाडीचं लाकडी सीताफळ देऊ. आंबा मिळणार नाही.